द्राक्षाच्या मांडवाखाली वाकताना

पहाटे रिकाम्या क्रेटांनी भरलेला पिकअप घरासमोरच्या गतिरोधकावरून जातो. क्रेट एकमेकांवर आपटतात, आणि त्या खडखडाटाने आधी माझा उजवा खुबा जागा होतो, मग मी. द्राक्षाचा सीझन आला हे आमच्या मखमलाबाद रोडवर कुणाला सांगावं लागत नाही. मला तर ते कॅलेंडरच्या आधी हाडात कळतं. मी डोळे न उघडता पडून राहते. कूस बदलायची म्हणजे आधी गुडघे जुळवायचे, त्यांच्यामध्ये उशी आहे का ते चाचपायचं, मग कंबर आणि खांदा एकदम वळवायचा. भरलेलं क्रेट दोघींनी उचलावं तसं. एकीने आधी उचललं की माल सांडतो.

बाहेर धुकं असतं. निफाडच्या बाजूला थंडी उतरली की पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. ओला पालापाचोळा जळतो, धूर मांडवाखाली रेंगाळतो, वेलींना जरा ऊब मिळते. मी टोळीत कामाला होते तेव्हा त्या धुराचा वास आमच्या साड्यांना आठ-आठ दिवस यायचा. आता माझ्या वाट्याची शेकोटी म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी. ती आमचे हे भरून आणतात. ओझरच्या कारखान्यात विमानाच्या सुट्या भागांवर आयुष्य काढलेला माणूस. पिशवीतली हवा दाबून काढतो, बूच घट्ट बसवतो, उलटी धरून गळते का बघतो, टॉवेल गुंडाळतो आणि मगच हातात देतो. "वीस मिनिटं," एवढंच म्हणतात आणि घड्याळ बघत बसतात.

त्या वीस मिनिटांत मला दर वर्षी एकच सीझन आठवतो. तीन वर्षं झाली त्याला.

मी द्राक्षं घेणारी बाई आहे. शेतकऱ्याचा उभा प्लॉट बघायचा, भाव ठरवायचा, सौदा पक्का म्हणून विसाराचे आगाऊ पैसे द्यायचे, आपली टोळी लावून माल काढायचा आणि बाजारात पाठवायचा, हा माझा धंदा. या धंद्यात बायका घड कापतात, खराब मणी काढतात, पेट्या भरतात. भाव मात्र पुरुष करतात. लग्न झालं तेव्हा यांची नोकरी पक्की नव्हती म्हणून मी टोळीत गेले. पुढे टोळीची मुकादम झाले. एका वर्षी व्यापारी ऐनवेळी पळाला, शेतकरी डोक्याला हात लावून बसला आणि माझ्या वीस बायका बांधावर रिकाम्या. त्या दिवशी तो प्लॉट मीच घेतला. लोक हसले. पुढच्या वर्षी हसणारे निम्मे झाले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यातलेच चार जण "ताई, आमचाही बघा" म्हणत दारात आले.

नियम एकच केला होता. बांधावरून सौदा करायचा नाही. बांधाकडच्या घडांना ऊन भरपूर असतं, वारा असतो, ते देखणे असतात. बागेचं खरं रूप मधोमध, जिथे पाला दाट आणि उजेड कमी. तिथे जायचं, सावलीतला एक घड हातात धरायचा आणि त्याच्या शेंड्याचा, अगदी खालचा मणी तोंडात टाकायचा. तो सगळ्यात शेवटी गोड होतो. तो गोड लागला तर बाग गोड.

पण मधोमध जायचं कसं, ते जुन्या मांडवाखालून चाललेल्या माणसालाच ठाऊक. मांडव बुटका, तारांवरून घड खाली लोंबलेले, आणि देवाने मला दिली ही उंची. वर्षानुवर्षं मी पाठीचा विळा करून चालले. सकाळी तीन बागा, दुपारी दोन. रात्री पाठ गादीला टेकेना. मग गोळी. मेडिकलवाला मला बघूनच पाकीट काढायचा. कुणी लिहून दिली का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सीझनभर मी त्या गोळ्या फुटाण्यासारख्या खाल्ल्या.

त्या वर्षी दिवाळीत पाय सुजले. रक्त तपासलं. डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी, पण कागद बघताना तिचा चेहरा सासूसारखा झाला.

"किडनीवर ताण आलाय. ही दुखण्याची गोळी आजपासून बंद."

"अर्धी घेतली तर?"

"अर्धीही नाही."

"नुसती सीझनपुरती. जानेवारी ते मार्च."

"नाही."

"बरं, फार दुखेल त्याच दिवशी?"

तिने पेन खाली ठेवलं. "आजी, तापाची साधी गोळी मी लिहून देते. ती किती आणि कधी, तेही मीच सांगणार. ओळखीच्याने दिलेली पुडी, काढा, चूर्ण, मला विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही."

बागाईतदार, अडते, ट्रकवाले, सगळ्यांना मी खाली आणलेलं आहे. त्या पोरीला मी एक पायरीही उतरवू शकले नाही. वर तिने आजी म्हटलं. एक्स-रेच्या फोटोत खुब्याची गादी झिजलेली दिसली, कमरेचे मणके एकमेकांच्या जवळ आलेले. ऑपरेशनची आज गरज नाही, पण स्नायूंना कामाला लावा, म्हणाली. मी घरी आले आणि पलंगावर पडले. पाच आठवडे पडून होते. शेजारच्या बाईने तेल आणून दिलं, एकाने मध्य प्रदेशातल्या कुठल्या बाबाची पुडी आणली. तेल लावलं. पुडी यांनी कचऱ्यात टाकली.

पडून राहिल्याने दुखणं कमी होईल असं वाटलं होतं. उलट ते घरभर पसरलं. चप्पल घालताना दुखायचं. संडासातून उठताना दुखायचं. शिंक येणार असं कळलं की मी आधी भिंत धरायचे. दुखणारा माणूस सगळं जग अंतरात मोजतो: पलंगापासून दार, दारापासून ओटा.

आणि याच पाच आठवड्यांत सुभाष भाऊजींनी माझा धंदा हातात घेतला.

सुभाष भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही. त्यांना गाडीवर मीच बसवलं, मणी दाबून बघायला मीच शिकवलं. मी पडल्यावर त्यांनी पांढरे बूट घेतले आणि बांधावर उभं राहून प्लॉट बघायला लागले. एकदा माझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, अनुभवी माणसाला बांधावरूनच कळतं. तुम्ही इतकी वर्षं उगाच पाठ मोडून घेतलीत." मी हाताशी असलेला तांब्या फेकला. नेम चुकला, कारण वळता आलं नाही.

खरा घाव त्यानंतर बसला. सायखेड्याचे नामदेवराव, ज्यांची बाग मी दहाएक वर्षं घेत आले, त्यांचा फोन आला.

"ताई, तुम्ही धंदा सोडला म्हणं?"

"कोण म्हणतं?"

"तुमचे दीरच म्हणले. वहिनी आता थकल्या, हितून पुढं माझ्याशी बोला."

मी फोन ठेवला आणि छताकडे बघत राहिले. थकल्या. हा शब्द मी मेल्यावर वापरला असता तर चाललं असतं. त्याच आठवड्यात कळलं की भाऊजींनी बांधावरून घेतलेला दिंडोरीकडचा, सीझनच्या आधीच काढणीला आलेला एक प्लॉट मधोमध आंबट निघाला, बाजारातून माल परत आला. असं आणखी एकदा झालं असतं तर माझ्या नावाला शेतकऱ्याने दारात उभं केलं नसतं आणि बाजाराने ओळख दिली नसती. पाय सुजले तेव्हा मी घाबरले नव्हते. त्या दिवशी घाबरले.

दुसऱ्या दिवशी यांना म्हटलं, "डॉक्टरने सांगितलेल्या त्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे न्या."

तिचं नाव केतकी. मूळची इगतपुरीची, वडील रेल्वेत. लहानखुरी, केस वर बांधलेले, हाताला भलताच जोर. तिने मला झोपवलं, पाय हलवून बघितले आणि सांगितलं, "उताणं झोपून गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची, हळू खाली आणायची. दहा वेळा. दिवसातून तीनदा."

"तीनदा जमायचं नाही. दोनदा. आणि सहा."

"तीनदा. आठ."

"दोनदा, सात. बघा, शेवटचं सांगते."

ती कमरेवर हात ठेवून हसली. "मावशी, तुम्ही स्वतःच्याच कमरेचा भाव पाडताय, कळतंय का?"

मला राग आला. राग आला की मला नीट ऐकू येतं. मी गपचूप दहा केले.

पहिले पंधरा दिवस मी तिला रोज शिव्या दिल्या. काही मनात, काही तोंडाने. एकदा म्हटलं, "आज फार ठणकतंय. दुखणं थांबू दे, मग करते." ती माझा पाय धरून बसली होती, सोडला नाही. म्हणाली, "मावशी, आमच्या इगतपुरीत चार महिने पाऊस थांबत नाही. पाऊस थांबल्यावर शाळेत जाऊ म्हटलं असतं, तर मी अजून तिसरीतच असते." मग हळूच, "नेहमीसारखं ठणकत असेल तर थोडं कमी करू, बंद नाही करायचं. पाय बधीर पडला किंवा ताकद गेली तर मात्र लगेच डॉक्टर. तो पाऊस वेगळा."

तेव्हापासून दुखण्याकडे मी गिऱ्हाईक म्हणून बघायला लागले. गिऱ्हाईक रोज येणार. आरडाओरडा करणार. त्याला दारातून हाकलता येत नाही, पण त्याने मागितलं तेवढं सगळं द्यायचंही नसतं. तू मला पलंगावर मागतोस? पलंग मिळणार नाही, वीस मिनिटांची पिशवी मिळेल. तू म्हणतोस बाहेर जाऊ नको? कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाईन आणि परत येईन. चार दिवसांनी पिंपळाच्या पुढच्या दुकानापर्यंत. कधी ते जिंकायचं. मग मी भिंतीला टेकून उभी राहायचे आणि येणारे-जाणारे विचारायचे, "काय ताई, ऊन खाताय का?" मी म्हणायचे, "हो, फुकट मिळतंय."

मग केतकीला मी खरं काम सांगितलं. पाठ न मोडता मांडवाखालून चालायचं होतं. तिने भिंतीला टेकलेली काठी आडवी धरली, खांद्याच्या उंचीला, आणि म्हणाली, "हा तुमचा मांडव. या खालून." मी सवयीने पाठ वाकवली. तिने पाठीवर चापट मारली. "पाठ सरळ. गुडघे थोडे सैल. खुब्यातून वाका, मागे स्टूल शोधल्यासारखं बूड मागे न्या." महिनाभर आमचा हा खेळ चालला. तिच्या छोट्या खोलीत मी काठीखालून ये-जा करायचे आणि बाकावर बसलेल्या बायका बघायच्या. यांनी एके दिवशी काही न बोलता फूटपट्टी घेऊन माझी वाकल्यावरची उंची मोजली. संध्याकाळी दोन काठ्या आणल्या. एक रस्त्यावरची. दुसरी बुटकी, खालच्या टोकाला रबर, वर हाताला बसेल अशी मूठ. "ही मांडवाखालची," म्हणाले. लग्नात यांनी मला घड्याळ दिलं होतं. ते कधीच बंद पडलं.

फेब्रुवारी लागला. नामदेवरावांचा पुन्हा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"ताई, तीन व्यापारी येऊन गेले. बांधावरूनच माघारी फिरले. रस्त्याचं काम चाललंय ना, पहिल्या चार ओळी धुरळ्यानं पांढऱ्या झाल्या. आत चला म्हणतो, तर कुणी येत नाय. तुमचे दीर बी नाय आले."

मी भाऊजींना म्हटलं, "गाडी काढा. सायखेड्याला जायचंय."

"वहिनी, बघितलाय मी तो प्लॉट. नुसता धुरळा."

"तुम्ही धुरळा बघितलात. प्लॉट मी बघते."

वाटेत दोनदा गाडी थांबवली, उतरून शंभर पावलं चालले. भाऊजी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. वाजवू दिली.

नामदेवरावांची बाग नदीकाठच्या काळ्या जमिनीत. बांधावर उभं राहिलं तर खरंच कुणीही माघारी फिरावं अशी दिसत होती. पानं राखाडी, घडांवर मातीचा थर, दोन-तीन मण्यांना पाखरांनी चोच मारलेली. भाऊजी पांढरे बूट जपत गाडीजवळच थांबले. मी लांब काठी त्यांच्या हातात दिली आणि बुटकी घेतली. नामदेवरावांची बायको हिराबाई पुढे झाली. पदर खोचून तिने मांडवाखाली वाट करून दिली.

आत शिरले की उजेड बदलतो. हिरव्या काचेच्या बाटलीत उतरल्यासारखं होतं. रस्त्यावरच्या रोलरचा आवाज विझतो आणि ठिबकचं पाणी ऐकू येतं. त्या वासासाठी मी तीन महिने तडफडले होते: ओली माती, पाल्याचा तुरटपणा आणि त्याखाली कुठेतरी साखर. बूड मागे, पाठ सरळ, काठी पुढे. दहा वेली झाल्या की थांबायचं, गुडघ्यावर हात टेकून श्वास घ्यायचा. पहिला टप्पा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यात खुब्याने दात रोवले. मांडीतून खाली अशी कळ गेली की मी तार धरली आणि वरून धुरळा माझ्या केसांत पडला.

हिराबाई वळली. "ताई, माघारी चला. एवढ्यानं कळलं नाय का?"

"अजून मधोमध आलो नाही."

"तुमाला सोसंना झालंय. मी घड तोडून आणते, हितंच बघा."

"हिराबाई, तू आणशील तो चांगलाच आणशील. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं."

ती तोंडाला पदर लावून हसली. मग हसू आवरून तिने शेजारचं रिकामं क्रेट पालथं केलं. "बसा तरी."

मी बसले. पाय मोकळा केला. बधीर नव्हता, ताकद होती. नेहमीचंच गिऱ्हाईक होतं, फक्त भर बाजारात आरडाओरडा करत होतं. पाच मिनिटं त्याला बोलू दिलं. बांधावर भाऊजी कुणाला तरी फोनवर ओरडून सांगत होते, "वहिनी आत अडकल्यात." ते मला स्वच्छ ऐकू आलं आणि मी उठले. देवाचं नाव घेऊन उठायचं सोडून लोक रागाने उठतात, याला वाईट म्हणतात. माझ्या कमरेला मात्र रागाचा आधार फार झालेला आहे.

सतराव्या ओळीत हात वर केला. घड भरलेला, मणी टणक, वर दवासारखी पांढरी लव. बोट फिरवलं तर लव पुसली गेली आणि खाली कुठे डाग नाही. शेंड्याचा मणी तोडला. तोंडात टाकला.

हिराबाई माझ्याकडे बघत होती. तिचं वर्ष माझ्या जिभेवर होतं.

मी दुसरा तोडला, वेगळ्या वेलीचा. मग तिसरा. मग म्हटलं, "हिराबाई, ही बाग बघायला मोठा व्यापारी आत यायला हवा होता. माझं नशीब, त्याने पांढरे बूट घातले."

तिला अर्थ कळायला क्षण लागला. मग तिने माझा काठीचा हात धरला आणि सोडलाच नाही.

मागे फिरायचं नाही असं ठरवून आम्ही पलीकडच्या बांधाने बाहेर पडलो. मी कंबर हळूहळू सरळ केली. उन्हात उभी राहिले. पलीकडे गाडीजवळ भाऊजी अजून आम्ही शिरलो त्या जागेकडे बघत होते. आम्ही दिसल्यावर त्यांना सगळ्या बागेला वळसा घालून, नांगरलेल्या ढेकळांतून यावं लागलं. बूट काळे झाले.

सौदा तिथेच, उभ्याने झाला. नामदेवरावांनी आपला भाव सांगितला, मी माझा. त्यांनी आकाशाकडे बघितलं, मी नदीकडे. धुरळ्याचा फायदा मी घेतला नाही असं म्हणणार नाही. पहिल्या चार ओळींचा भाव मी वेगळा आणि निर्दयपणे पाडला. आतल्या मालाला मात्र त्या वर्षीचा चांगल्यातला चांगला भाव दिला, कारण चांगला माल पडेल भावाने घेतला तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या गाडीत जातो. नामदेवराव शेवटी म्हणाले, "थकल्यात म्हणत होते, अन् इथं तर पहिल्याहून लय घासायला लागल्या." हिराबाईने चहा आणला. मी तो उभ्याने प्यायले. बसले असते तर उठताना सगळ्यांनी बघितलं असतं.

दुसरा दिवस मी पलंगावर काढला, हे लपवत नाही. डॉक्टरांना विचारून ती साधी गोळी घेतली, पिशवी घेतली, केतकीची बोलणी घेतली. "एवढं एका दिवसात कुणी सांगितलं होतं?" म्हणाली. मग काठीने जमिनीवर रेघ काढून विचारलं, "सतराव्या ओळीपर्यंत? वाकून? खरंच?" आणि बाकावरच्या बायकांना तिने ते स्वतः केल्यासारखं सांगितलं.

दुखणं गेलेलं नाही. या वर्षीही ते आलं आहे, खडखडाट करत, माझ्या आधी उठून. पण ते माझ्या घरात राहतं, मी त्याच्या घरात राहत नाही. आता दिवसाला एकच बाग बघते, तीही पाय आणि आभाळ दोन्ही बघून. पाच बागा बघायचे तेव्हापेक्षा माल चांगला निघतो, हे मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

काल सकाळी भाऊजींचा फोन वाजला. पिंपळगावकडचा कुणी बागाईतदार होता. ते ओसरीवर होते, मी आत चटईवर. भाऊजी बोलता बोलता थांबले. म्हणाले, "थांबा जरा, वहिनींना विचारतो." मग माझ्या दारात येऊन, फोनवर हात ठेवून, उभे राहिले. मी नको तेवढा वेळ घेतला. त्यांना उभं ठेवलं.

"सांगा त्यांना," मी म्हटलं, "उद्या अकरा वाजता येते. आत जाऊन बघेन, मधोमध. तोपर्यंत कुणाचा विसार घेऊ नका."

भाऊजींनी हात बाजूला केला आणि माझ्यासमोर, माझ्याच शब्दांत, एकही शब्द न गाळता ते त्यांना सांगितलं.